अक्काच्या अंगणातला पारा

माझं काम काय, हे गावाकडच्या कुणालाही मी आजवर धड सांगू शकलेलो नाही. मातीत सांडलेला पारा पुढे काय करतो याचं गणित मांडतो, असं म्हटलं की समोरचा माणूस थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघतो आणि पावसाचा विषय काढतो. विद्यापीठातल्या आमच्या विभागातही माझी थट्टाच व्हायची. मी जरा आवाज चढवला की कुणीतरी थर्मामीटर शोधायला लागायचं.

गणित तसं समजायला अवघड नाही. पारा मातीत पडला म्हणजे तिथे गप्प बसत नाही. थोडा वाफ होऊन उडतो. थोडा कुजलेल्या पालापाचोळ्याला असा चिकटतो की सोडता सोडत नाही. उरलेला पाण्याबरोबर खाली उतरायला बघतो. माती काळी की मुरमाड, ऊन किती, ओल किती, हे सगळं संगणकात घालायचं आणि पुढच्या वर्षांत तो कुठे असेल ते काढायचं. मी ते मन लावून करत होतो, पण माझी माती असायची प्रयोगशाळेतल्या खोक्यात. खरी जमीन, जिच्यावर माणसं चालतात, ती माझ्या वाट्याला आलीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तिची हौसही नव्हती.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, म्हणून ती मला घेऊन शहरात आली, आणि मी शिकत असताना तिनं बीड बायपासच्या पलीकडे एक जुनं आवार भाड्यानं घेऊन बालवाडी काढली. तेव्हा आजूबाजूला बाजरीची रानं होती. बघता बघता रानांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर स्लॅब चढले, आणि गवंड्यांची, रिक्षावाल्यांची, कंपनीत जाणाऱ्यांची पोरं सकाळी सकाळी अक्काच्या फाटकाशी रडायला लागली. रडायची ती फक्त फाटकापर्यंत. आत एक लांबलचक पत्र्याची खोली, मागे अक्काच्या राहण्याची खोली, पुढे मोठं अंगण, कोपऱ्यात एक जुनी विहीर आणि विहिरीजवळ पुरुषभर उंचीचा मातीचा उंचवटा. त्या उंचवट्यावर हरळी माजली होती आणि पोरं त्याच्यावरून बूड घासत खाली यायची. चड्ड्या फाटायच्या. आयांच्या तक्रारी यायच्या. अक्का म्हणायची, "चड्डी शिवता येती. ल्हानपन शिवता येतंय व्हय?"

मी सांगतोय ते वर्ष दुष्काळाचं होतं. लागून दुसरं. जायकवाडी तळाला गेलेलं, नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि टँकर आला की सगळी कॉलनी ड्रम घेऊन पळायची. अक्काच्या विहिरीत दगड दिसत होते. बाकी सगळं अंगण भाजून निघालं होतं, उंचवटा मात्र हिरवा. पोरांनी हात धुतलेलं पाणी ती बादलीत धरायची आणि रोज त्याच्यावर ओतायची. अलीकडे ती चिडचिडी झाली होती, झोप लागत नाही म्हणायची, हिरड्या दुखतात म्हणायची. मी म्हटलं, पाण्याची दगदग आहे, दुसरं काय.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन बापांनी मिळून पोरांसाठी झोपाळा उभा करायचं ठरवलं. उंचवट्याच्या पायथ्याशी खांबासाठी खड्डा घेतला. दुपारी मला अक्काचा फोन आला.

"आरं, तुझा पारा माझ्या अंगणात निघालाय," ती हसत म्हणाली. "पोरं लई खूश हायेत. येतोस का बघायला?"

क्रांती चौकातला सिग्नल मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तोडला. जाऊन बघतो तर पोरं खड्ड्याभोवती उकिडवी बसलेली, आणि अक्का तळहातावर एक चकचकीत थेंब घेऊन या बोटावरून त्या बोटावर पळवत होती. मी ओरडलो. इतक्या जोरात ओरडलो की दोन पोरं रडायलाच लागली.

"वरडतोस कशाला? साप निघालाय का?"

"हात धू. पोरांना घरी पाठव. शाळा बंद."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

तिनं थेंब खड्ड्यात टाकला, पोरांचे हात धुतले, एकेकाला घरी पोचवलं. मग परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. थट्टा पार गेली होती तिच्या तोंडावरची.

"पोरं इतकी वर्सं याच मातीत लोळत्यात," ती म्हणाली. "त्यांना काय झालं तर नसंल ना रे?"

"तपासू. बघू."

"बघू नगं म्हनू. मला सांग."

मला सांगता येत नव्हतं. पुढचे सगळे दिवस आमच्या दोघांत हाच एक प्रश्न होता, बाकी जे काही बोललो ते त्याच्याच आजूबाजूने.

पोरांच्या लघवीचे नमुने तपासायला पाठवले. निकाल यायला वेळ लागणार होता. तोवर मी त्या जागेचा इतिहास विचारत कॉलनीत फिरलो. जुन्या लोकांनी सांगितलं, हे झारेकऱ्यांचं आवार. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर विकत घेणारी माणसं. सोनार दागिना घासतो, कापतो, त्याची कणी धुळीत पडते. झारेकरी ती धूळ, जुनी पायपुसणी, भट्टीची राख, सगळं घेऊन येतो, पाण्यात धुतो, आणि उरलेल्या गाळात पारा कालवतो. पारा सोन्याची कणी धरतो. मग तापवलं की पारा उडून जातो आणि सोनं हाती राहतं. सराफ्यातला केर वर्षानुवर्षं इथे येऊन धुतला गेला होता.

मी परत जाऊन हे सगळं गणितात घातलं. किती वर्षं, किती केर, किती पारा सांडला असेल, याचा अंदाज केला. काळी माती, वर उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा. संगणकाने अंगणाचा नकाशा काढून दिला, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक. मी शहाणा तो नकाशा अक्काला दाखवायला घेऊन गेलो.

"हे आमचं अंगन?" तिनं विचारलं.

"अंदाज आहे. माती तपासली की कळेल."

"मग आधीच लाल कशाला केलंस?"

मी नकाशा गुंडाळला. आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तोवर ही बातमी कॉलनीभर झाली होती. दोन घरांनी पोरांची नावं दुसऱ्या शाळेत घातली, आणि एका आईने रस्त्यात अक्काला बघून पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. ते अक्काने मला सांगितलं नाही. शेजारणीने सांगितलं.

मी सगळ्या अंगणात सारख्या अंतरावर खड्डे घेऊन माती आणली होती. वर मुरूम, खाली काळी माती. निकाल आले आणि मी ते उलटसुलट करून बघत बसलो. झोपाळ्याचा खड्डा सोडला तर अंगणात पारा जवळजवळ नाहीच. आनंद व्हायला हवा होता, पण मी आणि विभागातले आमचे सर दोघेही घाबरलो. इतक्या वर्षांचा पारा हवेत उडून गेला म्हणावं तर गणित ते मान्य करेना. पाण्याबरोबर विहिरीत उतरला म्हणावं तर विहिरीचा गाळही स्वच्छ.

"मग गेला कुठे?" सर म्हणाले. "तो सापडल्याशिवाय आईबापांना काही सांगू नकोस."

म्हणून मी झारेकऱ्यांना शोधायला निघालो. सराफ्यात विचारत विचारत शहागंजच्या एका बोळात पोचलो. तिथे एका मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर त्या आवारातला म्हातारा झारेकरी बसला होता. दुकान नातवाचं. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. बशीतला निम्मा चहा त्याच्या गुडघ्यावर सांडला आणि निम्मा तोंडात गेला. जन्मभर पारा तापवणाऱ्याचे हात असेच थरथरतात, हे मला माहीत होतं. त्यालाही बहुधा माहीत होतं, पण त्याला त्यापेक्षा बढाया मारण्यात रस होता.

"गुलमंडीपासून सराफ्यापर्यंत असा सोनार नाय, ज्याचा केर आमी धुतला नाय," तो म्हणाला. "आमच्या आवाराची जमीन म्हंजे निस्तं सोनं, साहेब." मग त्याने कुठल्या तरी नवाबाच्या अंगठीची गोष्ट सांगितली, मग तीच गोष्ट वेगळ्या नवाबाची म्हणून सांगितली. मी वैतागलो आणि उठता उठता विचारलं, "एवढं सोनं होतं तर ती जमीन सोडून का आलात?"

"जमीन कुठं सोडली? खरडून घेतली की! जागा सोडताना आमी आवाराची माती हातभर खरडून काढतो. तिच्यात आमचाच माल असतोय. ती बी धुतो. बापजाद्यांची रीत हाय."

"मग ती धुतली तुम्ही?"

"कशानं? थुकीनं?" म्हातारा हसला. "त्या साली दुष्काळ व्हता, थेंब नव्हता. सगळी खरडली आन् ढीग मारून ठिवला. म्हटलं पानी झालं की येऊन धुऊ. पानी झालं, तवर मालकानं जागा इकली. नव्या वॉचमननं आत घेतलं नाय."

"ढीग कुठे मारला?"

"हिरीपाशी. आनखी कुठं? पानी तिथंच येनार व्हतं ना."

मी पायरीवर परत बसलो. खरडलेल्या अंगणावर नव्या मालकाने मुरूम टाकला होता. तो मी माझ्या हाताने उकरूनही मला काही सुचलं नव्हतं. सगळ्या आवाराचा पारा एका जागी गोळा होऊन पडला होता, आणि तो उंचवटा मी बांधकामाचा राडारोडा समजून माझ्या नकाशात घेतलाच नव्हता.

अक्काला सांगितलं तेव्हा ती अंगण झाडत होती.

"म्हंजी पोरं घसरतात त्यो?"

"हो."

ती झाडू घेऊन तिथेच, भर उन्हात, जमिनीवर बसली. माझी बहीण कामाच्या वेळी खाली बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी तिच्याजवळ बसलो आणि माझ्याकडे जेवढं होतं तेवढं सांगितलं: बाकीचं अंगण साफ आहे, हे आता नक्की. आणि जो पारा एका ढिगात आहे, तो ढीग उचलता येतो. सगळं अंगण लाल असतं तर काहीच करता आलं नसतं.

"ढीग उचलशील," ती म्हणाली. "पोरांच्या आत गेलेलं कसं उचलशील?"

उंचवट्याची माती वरपासून आतपर्यंत थरांनी तपासली. पारा होता, भरपूर होता, पण खोल, पोटात. वरच्या वीतभर थरात फारच थोडा, आणि तोही मुळांना नि कुजलेल्या गवताला घट्ट धरून बसलेला. हे मी संगणकाला पुन्हा विचारलं, या वेळी खऱ्या मातीचे आकडे देऊन. हरळीची दाट सावली, मुळांनी धरलेली माती, भेगा पडू न देणारी रोजची ओल. वाफ बाहेर पडायला वाटच नव्हती. हेच जर उघडं, वाळलेलं, तडकलेलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. टँकरच्या दिवसांत एक बाई गवतावर पाणी वाया घालवते म्हणून सगळी कॉलनी तिला नावं ठेवत होती. मला त्या हरळीला हात जोडावेसे वाटले.

पण गणित म्हणजे गणित. ते एकदा लाल निघून चुकलं होतं, आता हिरवं निघून चुकू शकत होतं. त्यामुळे पोरांचे निकाल आले त्या संध्याकाळी मी पाकीट न फोडताच अक्काकडे गेलो. तिच्यासमोर फोडलं. एकेक कागद वाचत गेलो. एकाही पोराच्या अंगात काळजी करावी असं काही नव्हतं. अक्काने पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने रडली. मीही रडलो, लपवलं नाही.

मग ती डोळे पुसून म्हणाली, "जा, ते कागद देवापुढं ठिव आधी."

मी तिच्या खोलीत गेलो. खिडकीतून टँकरची धूळ येते म्हणून ती बंदच असायची. देवघरात समई जळत होती, आणि समईशेजारी, महादेवाच्या पिंडीपुढे, एक पांढरीशुभ्र वाटी चमकत होती.

"ही चांदीची वाटी कधी घेतलीस?"

"चांदीची कुठली? पितळंची हाये," ती माझ्यामागून आत येत म्हणाली. "आपोआप पांढरी झाली. देवाची करनी."

वाटीत पारा होता. थेंबभर नव्हे, तळ झाकेल एवढा. मी समई फुंकली, खिडकी उघडली, अक्काचा दंड धरून तिला बाहेर काढलं. हळूहळू तिच्याकडून सगळं निघालं. दोन उन्हाळ्यांपूर्वी उंचवट्याच्या कडेला मोगरा लावताना तिला ते थेंब सापडले होते. पारा म्हणजे महादेवाचं रूप, असं आई सांगायची. तिने ते अलगद गोळा करून देवापुढे ठेवले. रोज फूल वाहिलं, जवळ दिवा लावला, आणि रात्री त्याच खोलीत दार लावून झोपली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू देव बाटलीत घालून नेला असतास."

"अगं, पण त्या दिवशी मी एवढा ओरडलो! शाळा बंद केली! तेव्हा तरी?"

"ते मातीतलं व्हतं," ती म्हणाली. "हे देवाचं."

मला राग आला होता, भयंकर आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना. इतके दिवस मी अंगणाचा वीत न् वीत मोजत होतो आणि तिच्या खोलीत डोकावलोही नव्हतो. चिडचिड, झोप, हिरड्या, सगळं समोर होतं. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. तिच्या अंगात पारा निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं. आता वाटी गेली, खोली साफ झाली, की शरीर तो हळूहळू बाहेर टाकेल. मी तिला सांगितलं, मातीने धरलेला पारा माती पिढ्यान् पिढ्या सोडत नाही, पण शरीर सोडतं, काही महिन्यांत बराच कमी होईल.

"म्हंजी मातीपरीस मी बरी," अक्का म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली. मग लगेच तिने आपले दोन्ही हात बघितले. "माझ्या हातानं पोरांना लागंल का रे?"

"नाही. हाताने लागत नाही."

"गनितानं सांगतोस का नक्की?"

"नक्की."

तिने मान डोलावली, पण तिला पटलं नव्हतं.

ढीग उचलायला प्रदूषण नियंत्रण खात्याची माणसं आली: तोंडाला फडकी, हातात मोजे, माती झाकून नेणारे ट्रक. ढिगात सोनं आहे ही बातमी कॉलनीत कशी पसरली कुणास ठाऊक. शेजारचे एक सद्गृहस्थ बादली घेऊन हजर झाले, "कुंडीला माती पाहिजे होती" म्हणून. अक्काने झाडू उगारून त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. उंचवट्याच्या जागी खड्डा झाला, तो नव्या मातीने भरला, पुन्हा तपासला. विहिरीचं तोंड जाळीने बांधलं. वाटी मी स्वतः दोन झाकणांच्या बरणीत बंद करून त्या माणसांच्या हाती दिली, आणि वाटी निघाली तेव्हा अक्काने तिला नमस्कार केला.

मग पालकांची सभा घेतली. मी नवे नकाशे आणले होते, पोरांचे निकाल ज्याचे त्याच्या हातात दिले होते. लोक ऐकत होते, पण त्यांचे डोळे माझ्यावरून घसरत होते. शेवटी एक रिक्षावाला उठला. "साहेब, तुमी आदी लाल दावलं, आता हिरवं दावता. उद्याच्याला काय दावनार?"

मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर अक्का उभी राहिली.

"पारा निघालाय," ती म्हणाली. "माझ्या अंगात निघालाय. तुमच्या लेकरांच्या नाय. मी त्यो देव म्हनून घरात ठिवला, दोन वर्सं. माझी अक्कल कमी पडली. ह्ये कुनाला ठाव नव्हतं, मी सांगितलं नसतं तर कळलं बी नसतं. पर लेकरं तुमची हायेत, म्हनून सांगते. आता कुनाला पाठवायचं, कुनाला नाय, तुमी ठरवा."

माणसं एकेक करून उठून गेली. मला वाटलं, संपलं.

शाळा उघडायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. अक्का नवं लुगडं नेसून फाटकाच्या आत उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मला आधी कळलं नाही ती अशी का उभी आहे. बराच वेळ रस्त्याने नुसते टँकर गेले. मग रिक्षा थांबली. तो रिक्षावाला आपल्या पोराला घेऊन उतरला, आणि त्याच्या मागून त्याच गल्लीतल्या तीन-चार बायका, कुणाच्या कडेवर, कुणाच्या बोटाला पोर. सगळे आले नव्हते. निम्मेही नव्हते. पण ज्या आईने रस्त्यात पोर दुसऱ्या कडेवर घेतलं होतं, ती होती.

पोरं फाटकातून आत घुसली आणि उंचवटा नाही म्हणून बोंब मारायला लागली. एक छोटी मात्र नेहमीसारखी अक्कासमोर येऊन थांबली. तिला रोज हात धरून आत नेलेलं लागायचं. तिने अक्काकडे बघितलं, मग तिच्या पाठीमागे जाऊन बांधलेल्या हातांचं एक बोट ओढायला लागली. अक्का हलेना. तिने माझ्याकडे बघितलं.

मी होकारार्थी मान हलवली.

अक्काने हात सोडवले, एक पुढे केला, आणि छोटीने तो धरला.